किल्लारीनंतरचे मन : आघात, मनःस्थिती आणि ती सांगण्याची रीत

आघातोत्तर ताणविकारात जिवावर बेतलेला प्रसंग संपून गेलेला असतो, पण शरीर आणि मन तो अजून चालूच असल्यासारखे वागत राहते. भूकंप, पूर, आग, रस्त्यावरचा अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, यांपैकी कशानंतरही तो होऊ शकतो. डॉक्टर त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा दिली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. मराठवाड्याला मात्र या विकाराची ओळख कोणत्याही युद्धाने करून दिली नाही. ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाली.

गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. धक्का 6.2 तीव्रतेचा होता. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी अशी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात इतके बळी जाण्याचे कारण घरांत होते. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी माळवद आणि माळवदावर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच भिंत झोपलेल्या माणसांवर आली.

जे वाचले, त्यांच्या मनाचे काय झाले हे समजून घ्यायला ही भिंत लक्षात ठेवावी लागते. पुष्कळ संकटे बाहेरून येतात आणि माणूस घराकडे धावतो. इथे घरानेच मारले. त्यानंतर कित्येक जणांना दगडी भिंतीजवळ झोपणे अशक्य झाले. सरकारने आणि स्वयंसेवी संस्थांनी नवी घरे बांधून दिल्यावरही पुष्कळ कुटुंबे रात्री पत्र्याच्या शेडमध्येच पथारी टाकत. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा त्यामागचा हिशेब बाहेरच्यांना हट्ट वाटला असेल. पण त्या पहाटेनंतर शरीर सुरक्षित जागा कशी ओळखते, याचे ते अगदी सरळ उत्तर होते.

या भीतीला आणखी एक बाजू होती. 1992 च्या उत्तरार्धातच किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते आणि लोकांत घबराट पसरली होती. पुढे धक्के थांबले, भीती ओसरली, रोजचे जगणे सुरू झाले. म्हणून मुख्य भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनात एक बोच राहिली: तेव्हाच गाव सोडले असते तर? अपराधीपणाची ही भावना या विकारात अनेकदा दिसते. आपण का वाचलो, लेकराला बाजूला का झोपवले नाही, हाक का ऐकू आली नाही, अशा प्रश्नांना उत्तर नसते. उत्तर नसल्यामुळेच ते वर्षानुवर्षे फिरत राहतात.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांची पाहणी करून 1996 मध्ये तिचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळला, आणि त्यात आघातोत्तर ताणविकार व नैराश्य हे दोन प्रमुख होते. पुण्यातील मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनीही या भूकंपाच्या मानसिक परिणामांच्या अभ्यासाचे नेतृत्व केले. देशात आपत्ती आणि मानसिक आरोग्य यांचा एकत्र विचार होण्यात लातूरचा वाटा मोठा आहे.

विकाराची लक्षणे चार बाजूंनी येतात. पहिली म्हणजे प्रसंग परत परत घडणे: स्वप्नात, जागेपणी डोळ्यांसमोर, एखाद्या वासाने किंवा आवाजाने. मालट्रक जवळून गेला, खिडकीची तावदाने थरथरली की क्षणभर 1993 च येते. दुसरी म्हणजे टाळणे. माणूस जुन्या गावठाणाकडे जात नाही, त्या विषयावर बोलत नाही, गणपतीच्या दिवसांत गावाबाहेर निघून जातो. तिसरी बाजू भावनांची. आनंद होत नाही, माया वाटत नाही, सगळे लांबून पाहिल्यासारखे वाटते, स्वतःवरचा आणि जगावरचा विश्वास जातो. चौथीत शरीर सतत पहाऱ्यावर असते: झोप तुटक, दचकणे, लक्ष न लागणे आणि अचानक उसळणारा राग. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि कामधंद्यात, घरात अडथळा आणू लागली, तरच निदान केले जाते. पहिल्या काही आठवड्यांतली भीती, रडणे, जागरण हा विकार नसून मनाची साहजिक प्रतिक्रिया असते. बहुतेक जण आधार मिळाल्यास त्यातून सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगातील सुमारे 70 टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा आघात येतो. त्यांतील साधारण 5.6 टक्क्यांना हा विकार होतो. प्रसंग जितका भीषण आणि नंतरचा आधार जितका तुटपुंजा, तितके हे प्रमाण वाढते.

मेंदूत धोका ओळखणारा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. आघातानंतर तो अतिदक्ष होतो आणि ‘हे जुने आहे, आत्ताचे नाही’ असे सांगणाऱ्या भागांचा त्याच्यावरचा ताबा सैल पडतो. म्हणून ‘उगाच घाबरू नको’ असे समजावून उपयोग होत नाही. घाबरणाऱ्यालाही ते उगाच आहे हे ठाऊक असते. शरीर मात्र त्याआधीच धावायला निघालेले असते.

लातूर-नांदेडकडे ही अवस्था सहसा शरीराच्या भाषेत बोलली जाते. ‘छातीत धडधड व्हायलीय’, ‘डोकं जड पडलंय’, ‘हातापायाला मुंग्या’, ‘जीव लागंना’, ‘झोपच येईना’, ‘कसंतरी व्हायलंय’. डॉक्टर रक्तदाब मोजतात, सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात आणि माणूस परत येतो. कधी त्यालाच बाहेरची बाधा म्हटले जाते. या वाक्यांना अडाणीपणा समजणे चूक आहे. धडधड खरी असते, जड डोके खरे असते. डॉक्टरांपुढे त्या तक्रारीला दोनच गोष्टी जोडाव्या लागतात: हे कधीपासून आहे, आणि कशाने वाढते. ‘छातीत धडधड व्हायलीय, भूकंपापासून व्हायलीय, गाडीच्या आवाजानं वाढतीय’ एवढे वाक्य निदानाला दिशा देते.

घरात मात्र अडचण वेगळी असते. तिथे या विकाराची लक्षणे स्वभाव म्हणून वाचली जातात. दचकून ओरडणारा बाप तापट ठरतो, घराबाहेर न पडणारी सून आळशी, मुलांना जवळ न घेणारी आई कठोर, पोळ्याला-पंचमीला न येणारा भाऊ माणूसघाणा. आघात झालेल्या माणसाला आपल्याला काय होतेय ते सांगता येत नाही, आणि घरच्यांना जे दिसते त्याचा ते आपल्यापरीने अर्थ लावतात. काही वर्षांत तो अर्थच नात्याची जागा घेतो. विकारापेक्षाही या गैरसमजाने मोडलेली घरे अधिक असावीत, असे मानायला जागा आहे.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा, आणि तो सहसा सांगितला जात नाही. प्रसंग सांगणे वेगळे आणि मनःस्थिती सांगणे वेगळे. भूकंपग्रस्तांना प्रसंग सांगायला कमी लोकांनी लावले नाही. पंचनाम्याला अधिकारी आले, मदतीच्या यादीसाठी मृतांची नावे विचारली गेली, पत्रकार आले, पुढारी आले. कोण गेले, किती गेले, कसे सापडले, हे पुन्हा पुन्हा विचारले गेले. काल रात्री झोप लागली का, हे विचारणारे थोडे होते. मनात नसताना आघाताची हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावण्याने मन हलके होतेच असे नाही. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच सर्व काही बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी जगभर वापरली जाई. तिने हा विकार टळत नाही असे आढळल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असा सल्ला दिला. तिच्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवले जातात: काय हवे ते पाहणे, माणूस बोलेल तेवढे ऐकणे, आणि त्याला आप्तांशी, सेवांशी जोडून देणे.

मनःस्थिती सांगायला प्रसंगाची गरज नसते. ‘आज माझं मन ठिकाणावर नाही, कालची रात्र वाईट गेली, दुपारपर्यंत मला जास्त बोलायला लावू नका’ या वाक्यात भूकंप नाही, मृत्यू नाही. तरी ऐकणाऱ्याला हवे ते सगळे आहे. त्यात आपल्याला काय वाटतेय ते आहे, ते समोरच्यामुळे नाही हे कळते, आणि समोरच्याने काय करावे हेही आहे. यातला शेवटचा भाग बहुतेक वेळा गळतो. ‘मला बरं वाटत नाही’ म्हटल्यावर घरचे गोंधळतात, कोणी जेवणाचा आग्रह करतो, कोणी दवाखान्यात न्यायला निघतो, कोणी देवाला नवस बोलतो. ‘जवळ बसा, पण बोलू नका’, ‘दिवा चालू राहू द्या’, ‘लेकरांना थोडा वेळ काकूकडं पाठवा’, असे नेमके मागितले की मदत करणाऱ्याचीही सुटका होते.

सांगण्यासाठी सगळे घर लागत नाही. एक माणूस पुरतो. तो नवरा किंवा बायकोच असावा असेही नाही; जाऊ, मोठी बहीण, शेजारीण, शेतावरचा जोडीदार, कोणीही चालतो. ज्याच्यापुढे रडले तरी गावभर होणार नाही असा तो हवा. बोलण्याची वेळ शांततेची निवडावी. राग उसळलेला असताना रागाचे कारण समजावून सांगता येत नाही. पण सकाळी चहाच्या वेळी, किंवा शेताकडे जाता जाता ते सांगता येते. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहून बोलणे पुष्कळ पुरुषांना जड जाते. शेंगा फोडताना, जनावरांना वैरण टाकताना, दुचाकीवर मागे बसून तेच बोलणे सोपे होते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शब्द सुचत नसतील तेव्हा आकडा चालतो. दहापैकी आज किती, असे आधीच ठरवून ठेवले तर ‘आज आठ’ एवढ्यावर घर सावध होते. काही कुटुंबांत खूण ठरते: खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसलेला माणूस एकटा राहू इच्छितो, त्याला कोणी हाक मारायची नाही. रागासाठी असा करार फार उपयोगी पडतो. ‘मी जरा पाराकडं जाऊन येतो, अर्ध्या तासात परत येतो’ असे म्हणून बाहेर पडणे आणि ठरल्या वेळी खरोखर परत येणे. परतीची वेळ सांगितली नाही तर तेच बाहेर पडणे घरच्यांना सोडून गेल्यासारखे वाटते.

मुलांना सांगणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ती कारण माहीत नसल्यास स्वतःलाच कारण ठरवतात. ‘आबा तुझ्यावर चिडले नाहीत. मोठ्या आवाजानं आबांना भीती वाटते, म्हणून ते ओरडले’ हे पाच वर्षांच्या मुलाला कळते. मुलांच्या मनातला आघात मात्र वेगळ्या रूपाने दिसतो. ती अंथरूण ओले करतात, शाळेला नाही म्हणतात, आईचा पदर सोडत नाहीत, खेळताना घर पाडण्याचा खेळ खेळतात. किल्लारीनंतर शेकडो मुले गावाबाहेर वाढली: शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, आणि पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले. शाळा, ठरलेल्या वेळेचे जेवण, सोबतीला त्याच अनुभवातून गेलेली मुले, या गोष्टी लहान मनाला सावरायला मदत करतात.

ऐकणाऱ्याचीही एक रीत आहे. ‘झालं गेलं विसरा’, ‘लोकांचं तर अख्खं घर गेलं, तुमची दोन लेकरं तरी हायत’, ‘देवाच्या मनात होतं’, ही वाक्ये प्रेमानेच बोलली जातात आणि दार बंद करतात. दुःखाची तुलना कोणालाही सोसत नाही. ‘बरं, मी हितंच हाय’ एवढे पुरे असते. सल्ला विचारल्याशिवाय देऊ नये. झोपेत ओरडणाऱ्याला गदागदा हलवून उठवण्याऐवजी थोडे लांबून नावाने हाक मारावी, दिवा लावावा, आपण कुठे आहोत ते सांगावे. ऐकणाराही थकतो, आणि त्यानेही तसे सांगायला हरकत नाही: ‘आज माझ्यानं ऐकवत नाही, उद्या बसू.’

किल्लारीच्या पुनर्वसनात बोलण्याची ही बाजू एका ठिकाणी अनपेक्षितपणे पुढे आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने मोठा कार्यक्रम हाती घेतला. 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली आणि 13 जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. दुरुस्तीच्या कामात लोकसहभागासाठी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयंशिक्षण प्रयोग’ या संस्थेला घेण्यात आले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. त्यांचे काम सिमेंट, लोखंड, अनुदानाचा हप्ता यांविषयी घरोघरी समजावून सांगण्याचे होते. पण उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बायका त्यानिमित्ताने एकमेकींच्या घरी गेल्या, एकत्र बसल्या. भीतीबद्दल बोलायला जमलेल्या बैठकीपेक्षा भिंतीच्या कोपऱ्यात पट्टा कसा घालायचा याच्या बैठकीत भीती अधिक सहज निघते. घर का पडले आणि आता का पडणार नाही, हे स्वतःच्या हातांनी समजून घेणे हा दगडाच्या भीतीवरचा चांगला इलाज आहे.

नव्या गावांनी मात्र काही हिरावलेही. रुंद सरळ रस्ते आणि लांब लांब घरे असलेल्या आखणीत जुन्या गल्ल्या, भावकीचे वाडे, ओट्यावरची बैठक विखुरली. ज्या शेजारणीला भिंतीपलीकडून हाक मारता येत होती ती दोन रस्ते पलीकडे गेली. आघातानंतर ओळखीची माणसे ओळखीच्या अंतरावर असणे किती गरजेचे आहे, हे पुनर्वसनाच्या नकाशात धरले गेले पाहिजे.

लक्षणांचा झटका आला असताना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. श्वास हळू घेऊन त्याहून हळू सोडणे, तळपाय जमिनीला टेकवून त्यांचा स्पर्श जाणवून घेणे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, गार पाण्याने तोंड धुणे, आजची तारीख आणि गावाचे नाव स्वतःला सांगणे. यांमुळे मन त्या पहाटेतून आजच्या दिवसात येते. रोजचे चालणे, ठरलेली झोपेची वेळ, भजनी मंडळ किंवा बचत गटाची बैठक यांचा परिणाम हळू पण पक्का असतो. दारूने झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटेची स्वप्ने वाढतात. आपत्तीनंतर हाती आलेल्या मदतीच्या पैशांबरोबर दारूही घरात शिरते, तेव्हा हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

वर्षदिनाची तयारी वेगळी करावी लागते. गणेशोत्सव संपत आला, 30 सप्टेंबर जवळ आला की तीस वर्षांनंतरही झोप उडू शकते. हे पुन्हा आजारी पडणे नव्हे. आठवडाभर आधी घरात सांगून ठेवणे, त्या रात्री एकटे न राहणे, स्मृतिस्तंभावर जायचे की नाही हे स्वतः ठरवणे, एवढे केल्यास तो काळ सरतो.

नवे धक्के जुनी जखम उघडतात. नांदेड शहरात 2007 च्या अखेरीपासून आवाजासह लहान हादरे बसत होते. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी गाव घराबाहेर काढले. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तसाच बसला. अशा वेळी मोबाइलवरून फिरणाऱ्या भाकितांनी धक्क्यापेक्षा अधिक हानी होते. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. तहसील कार्यालयाकडून तीव्रता आणि केंद्र यांची माहिती लवकर आणि स्पष्ट मिळाली, घरातील मोकळी, सुरक्षित जागा ठरलेली असली, तर किल्लारी पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसालाही रात्र काढता येते.

उपचार उपलब्ध आहेत आणि ते प्रसंगानंतर कितीही वर्षांनी लागू पडतात. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचारात रुग्ण प्रशिक्षित व्यक्तीबरोबर, स्वतःच्या गतीने, टाळलेल्या आठवणींकडे आणि जागांकडे थोडे थोडे जातो. अपराधीपणाचे प्रश्न तिथे तपासले जातात. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही पद्धतही मान्य आहे. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन यांसारखी नैराश्यावरची औषधे उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. दुकानातून घेतलेल्या झोपेच्या गोळ्या या विकाराचा इलाज नाहीत. त्यांची सवय लागते.

1993 मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते 2002 मध्ये झाले. आज लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही चालतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त मराठवाडा-विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनःस्थितीविषयी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ज्याला दवाखान्याची पायरी चढवत नाही, त्याच्यासाठी आशाताई हे पहिले दार आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 असून तिथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. जगणे नको वाटू लागले असेल, किंवा घरातील कोणी तसे बोलत असेल, तर त्याच रात्री फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.